वरच्या सभागृहाला लोकांचे मत

ठाण्यातल्या वर्तकनगरमध्ये, म्हाडाच्या वसाहतीतल्या एखाद्या घराचा विचार करा. आजोबा पोखरण रस्त्यावरच्या रेमंडच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले, शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत. मुलगा आयटीआय करून खासगी कंपनीत लागलेला. नात वाणिज्य शाखेची पदवीधर. महापालिका, विधानसभा आणि लोकसभा या तिन्ही निवडणुकांत हे तिघे एकाच मतदान केंद्रावर जातात आणि तिघांच्या मताला सारखीच किंमत असते. जून २०२४ मध्ये मात्र या घरातून फार तर एकटी नात मतदानाला जाऊ शकली असती. तेही तिने काही महिने आधी अर्ज भरून, पदवीच्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत जोडून आपले नाव यादीत घातले असते तरच.

ती निवडणूक होती विधान परिषदेच्या कोकण विभाग पदवीधर मतदारसंघाची. राज्याच्या वरच्या सभागृहात कोण बसावे हे सामान्य मतदाराने थेट ठरवायचे, अशी संधी आपल्याकडे पदवीधर आणि शिक्षक या दोनच मतदारसंघांत मिळते. बाकीचे सदस्य आमदार निवडतात, नगरसेवक निवडतात किंवा राज्यपाल नेमतात. वरच्या सभागृहाला लोकांनी थेट मत द्यावे, ही कल्पना जगात कशी रुजली, आपल्याकडे ती कुठवर आली आणि कुठे थांबली, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

डेलावेअरची दोन वर्षे

अमेरिकेच्या राज्यघटनेने सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन जागा दिल्या. राज्य मोठे असो की लहान, जागा दोनच. पण हे सिनेटर जनतेने निवडायचे नव्हते. ती निवड राज्याच्या विधिमंडळाकडे होती. शंभराहून अधिक वर्षे ही पद्धत चालली आणि तिचे दोष सर्वांत ठळक दिसले ते डेलावेअर या चिमुकल्या राज्यात. १९०० साली या राज्याची लोकसंख्या दोन लाखांहूनही कमी होती. जॉन एडवर्ड ॲडिक्स नावाच्या गॅस कंपन्यांच्या धनाढ्य मालकाला सिनेटर व्हायचे होते आणि त्यासाठी तो पैसा ओतत होता. त्याच्यामुळे रिपब्लिकन पक्षात उभी फूट पडली. विधिमंडळात मतदानामागून मतदान झाले, पण बहुमत कोणालाच मिळेना. परिणामी १९०१ ते १९०३ या काळात डेलावेअरच्या दोन्ही जागा रिकाम्या राहिल्या. देशाच्या वरच्या सभागृहात राज्याचा एकही माणूस नव्हता.

अशा कोंडीला आणि पैशाच्या खेळाला कंटाळून काही राज्यांनी आडवाटा शोधल्या. ओरेगॉनमध्ये सिनेटच्या उमेदवारांवर आधी जनतेचे मत घ्यायचे आणि त्याचा मान राखू, असे वचन विधिमंडळाच्या उमेदवारांकडून घ्यायचे, अशी रीत पडली. शेवटी १९१३ साली सतरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि सिनेटर थेट जनतेने निवडायचे ठरले. डेलावेअरच्या मतदारांनी आपला पहिला सिनेटर १९१६ मध्ये निवडला. त्याचे नाव जोसाया वॉलकॉट. ज्या राज्याला या दुरुस्तीची सर्वाधिक गरज होती, त्याच राज्याच्या विधिमंडळाने १९१३ मध्ये तिला नकार दिला होता. औपचारिक संमती मिळाली ती २०१० मध्ये. हातातला अधिकार सोडणे कोणत्याही निवडणाऱ्या मंडळाला जड जाते.

मुंबई इलाख्यातले वरचे सभागृह

आपल्याकडे वरच्या सभागृहाचा मतदार आधी जन्मला तो संपत्ती आणि प्रतिष्ठेच्या कसोटीवर. १९१९ च्या सुधारणा कायद्याने दिल्लीत 'कौन्सिल ऑफ स्टेट' स्थापन झाले. त्याच्या मतदारयादीत येण्यासाठी मोठा प्राप्तिकर किंवा मोठा शेतसारा भरावा लागे. नाहीतर पूर्वी विधिमंडळाचे सदस्य असणे, नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवणे, विद्यापीठाच्या सिनेटवर असणे, अशी काही ओळख लागे. सगळ्या देशात मिळून सुरुवातीला या सभागृहाचे मतदार सतरा हजारांच्या आसपास होते.

त्याच कायद्याखाली मुंबई इलाख्याच्या विधिमंडळात मुंबई विद्यापीठासाठी एक स्वतंत्र जागा होती. तिचे मतदार होते पदवीधर. १९२३ मध्ये मुकुंदराव जयकर या जागेवरून निवडून आले आणि विधिमंडळात स्वराज्य पक्षाचे नेते झाले. १९२७ मध्ये कन्हैयालाल मुन्शी याच जागेवरून आले. विद्यापीठाला संसदेत जागा देण्याची ही कल्पना ब्रिटनमधून आली होती. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे पदवीधर शतकानुशतके आपले स्वतंत्र खासदार निवडत असत. ब्रिटनने १९४८ च्या कायद्याने ती सोय मोडीत काढली, कारण एका माणसाला दोन मते हे समतेच्या तत्त्वात बसत नव्हते. आपल्या घटनेत तीच कल्पना पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, कायम झाली.

मधल्या काळात आणखी एक प्रयोग झाला. १९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताला दोन सभागृहे मिळाली. १९३७ मध्ये विधान परिषद हे वरचे सभागृह म्हणून अस्तित्वात आले आणि मंगलदास पक्वासा तिचे पहिले अध्यक्ष झाले. या परिषदेत २९ किंवा ३० सदस्य असत. राज्यपाल तीन-चार जण नेमत आणि उरलेल्या २६ जागा थेट मतदानाने भरल्या जात. २० सर्वसाधारण, ५ मुस्लिम आणि १ युरोपियन अशी त्यांची विभागणी होती. बंगाल आणि बिहारमध्ये परिषदेचे बरेच सदस्य खालचे सभागृह निवडत असे. मुंबईत तशी तरतूद नव्हती. म्हणजे १९३७ ची मुंबईची विधान परिषद जवळजवळ पूर्णपणे थेट निवडलेली होती. पण ती निवडणारी यादी सधनांची होती. कुळे, गिरणी कामगार, छोटे दुकानदार त्या यादीच्या बाहेर होते.

स्वातंत्र्यानंतर याच्या उलट घडले. खालच्या सभागृहासाठी प्रत्येक प्रौढाला मत मिळाले आणि वरच्या सभागृहातला थेट मतदानाचा वाटा एकदम आक्रसला.

घटनेने घातलेली वाटणी

घटनेच्या कलम १७१ ने विधान परिषदेची रचना ठरवली आहे. एक तृतीयांश सदस्य विधानसभेचे आमदार निवडतात. एक तृतीयांश सदस्य महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा अशा स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य निवडतात. एक बारावा हिस्सा पदवीधरांचा, एक बारावा हिस्सा शिक्षकांचा. उरलेले सदस्य साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतून राज्यपाल नेमतात. महाराष्ट्रात परिषदेच्या ७८ जागा आहेत. त्यांतल्या ३० आमदारांच्या, २२ स्थानिक संस्थांच्या, ७ पदवीधरांच्या, ७ शिक्षकांच्या आणि १२ राज्यपालनियुक्त. १९३७ मध्ये ३० पैकी २६ जागा थेट मतदानाच्या होत्या. आज ७८ पैकी १४ आहेत.

१९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण १८ टक्क्यांच्या जवळपास होते. निरक्षर बहुसंख्येच्या देशात सुशिक्षितांचा आवाज कायदेमंडळात स्वतंत्रपणे पोहोचावा, हा विचार त्या काळात समजण्यासारखा होता. तरीही घटना समितीत वरच्या सभागृहाबद्दल एकमत नव्हते. खुद्द बाबासाहेब आंबेडकरांनी ही व्यवस्था प्रायोगिक असल्याचे आणि ती नको झाल्यास मोडण्याची तरतूद घटनेतच ठेवल्याचे स्पष्ट केले होते. ती तरतूद अनेक राज्यांनी वापरली. पश्चिम बंगाल, पंजाब आणि तमिळनाडू यांनी आपल्या परिषदा बरखास्त केल्या. आंध्र प्रदेशाने १९८५ मध्ये बरखास्त केलेली परिषद २००७ मध्ये पुन्हा आणली. आज सहा राज्यांत विधान परिषद आहे आणि महाराष्ट्र त्यांपैकी एक.

आपल्या परिषदेने चांगली कामेही केली आहेत. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे हे परिषदेचे दीर्घकाळ सभापती होते. ग. प्र. प्रधानांसारखा इंग्रजीचा प्राध्यापक पुण्याच्या पदवीधरांनी लागोपाठ निवडून दिला. जातीचे गणित आणि पैसा यांच्या जोरावर विधानसभा जिंकणे ज्याला जमले नसते, असा माणूस सभागृहात आला आणि विरोधी पक्षनेता झाला. पदवीधर मतदारसंघाचे समर्थन करायचे तर प्रधानांइतके चांगले उदाहरण सापडणार नाही.

आणखी एक गोष्ट अनेक मतदारांना ठाऊक नसते. पदवीधर मतदारसंघातला मतदार पदवीधर असावा लागतो, उमेदवार नव्हे. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्रासच्या पदवीधर मतदारसंघासंबंधीच्या खटल्यात हे स्पष्ट केले. विशिष्ट वर्गाचा प्रतिनिधी असा या जागेचा अर्थ घटनेत नाही. प्रतिनिधी निवडणारा गट विशिष्ट आहे, एवढेच.

कोकणातली लढत

कोकण विभाग पदवीधर मतदारसंघात ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे पाच जिल्हे येतात. मुंबईचा पदवीधर मतदारसंघ वेगळा आहे. डहाणूपासून दोडामार्गापर्यंत पसरलेल्या या मतदारसंघात मतदारांचा सर्वांत मोठा साठा ठाणे जिल्ह्यात आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली, नवी मुंबई या शहरांत नोकरदार मध्यमवर्ग वाढत गेला आणि निवडणुकीचे पारडे सिंधुदुर्गात किंवा रत्नागिरीत ठरण्याऐवजी याच शहरांत ठरू लागले.

सोव्हिएत रशियाचे अभ्यासक डॉ. अशोक मोडक यांनी १९९४ पासून दोन वेळा भाजपतर्फे हा मतदारसंघ राखला. २००६ मध्ये ठाण्याचे संजय केळकर निवडून आले. २०१२ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसच्या निरंजन डावखरे यांनी त्यांचा पराभव केला. केळकर पुढे २०१४ मध्ये ठाणे शहरातून विधानसभेवर गेले. २०१८ मध्ये डावखरे भाजपतर्फे उभे राहिले आणि शिवसेनेचे संजय मोरे व राष्ट्रवादीचे नजीब मुल्ला यांच्याशी झालेल्या तिरंगी लढतीत जिंकले. तिन्ही प्रमुख उमेदवार ठाण्याचेच होते. २०२४ मध्ये डावखरेंनी काँग्रेसच्या रमेश कीर यांना हरवले. डावखरेंना १,००,७१९ मते पडली, कीरांना २८,५८५.

यांतला सर्वांत महत्त्वाचा आकडा यादीचा आहे. २०१८ मध्ये या मतदारसंघाच्या यादीत एक लाखाच्या थोडी वर नावे होती. २०२४ मध्ये ती सुमारे २ लाख २३ हजार झाली. सहा वर्षांत यादी दुपटीहून मोठी झाली. सहा वर्षांत पाच जिल्ह्यांतले पदवीधर दुप्पट झाले नव्हते. बदलली होती नोंदणी. १९०० सालच्या डेलावेअरच्या साऱ्या लोकसंख्येहून मोठी अशी ही यादी असली, तरी कोकणातल्या पदवीधरांचा मोठा भाग आजही तिच्या बाहेर आहे. एकट्या ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि नवी मुंबईतल्या घराघरांतल्या पदव्या मोजल्या तरी ही गोष्ट पटेल.

यादी कोण करतो

लोकसभेच्या यादीत एकदा आलेले नाव पुढच्या निवडणुकीत तसेच राहते. पदवीधरांची यादी प्रत्येक निवडणुकीसाठी कोरी केली जाते. मागच्या वेळी मतदान केलेल्यालाही पुन्हा अर्ज करावा लागतो. पदवीधरांसाठी नमुना १८, शिक्षकांसाठी नमुना १९. अर्हता दिनांक १ नोव्हेंबर असतो आणि त्या दिवशी पदवी मिळून किमान तीन वर्षे झालेली असावी लागतात. पदवी भारतातल्या कोणत्याही विद्यापीठाची चालते, पण रहिवास मतदारसंघातला हवा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जाहीर नोटीस निघते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अर्ज घेतले जातात. त्यानंतर प्रारूप यादी, हरकती आणि अंतिम यादी. नोंदणी पुढेही काही काळ चालू राहते, पण बहुतेकांना या मुदतींचा पत्ताच नसतो.

इथे पक्षांचे काम सुरू होते. गठ्ठ्याने आलेले अर्ज स्वीकारू नयेत असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. तरीही सोसायट्यांत फॉर्म वाटणे, पदवीच्या प्रती गोळा करणे, साक्षांकनाची सोय करणे, हे सारे कार्यकर्त्यांच्या जाळ्याशिवाय होत नाही. ज्या पक्षाकडे वर्षभर आधीपासून घरोघरी जाणारी माणसे आहेत, त्याची निम्मी निवडणूक मतदानाआधीच झालेली असते. मतदार उमेदवाराला निवडतो हे खरे, पण कोण मतदार होणार हे आधी उमेदवाराची माणसे ठरवून बसलेली असतात. विधान परिषदेच्या निवडणुकीत उमेदवाराच्या खर्चाला कायद्याने मर्यादाही नाही. ती लोकसभा आणि विधानसभेपुरतीच आहे.

मुंबई विद्यापीठाच्या सिनेटमध्ये, म्हणजे अधिसभेत, नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा आहेत. तिथेही हेच चित्र आहे. लाखो पदवीधर बाहेर पडलेल्या, सिंधुदुर्गापर्यंत पसरलेल्या या विद्यापीठात सप्टेंबर २०२४ च्या निवडणुकीत मतदार होते तेरा हजारांच्या आसपास. २०१८ प्रमाणेच सर्व दहा जागा युवा सेनेने जिंकल्या. ज्यांनी नोंदणीचे काम चिकाटीने केले त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दोष पद्धतीचा आहे.

आकडा लिहायचे मत

या निवडणुकीत यंत्र नसते. कागदी मतपत्रिकेवर चिन्हे नसतात, उमेदवारांची नावे असतात. आपल्या पहिल्या पसंतीच्या नावासमोर १, दुसऱ्या पसंतीसमोर २, असे आकडे केंद्रावर दिलेल्या जांभळ्या पेनानेच लिहायचे असतात. शब्दात 'एक' लिहिले, बरोबरची खूण केली, सही केली किंवा दोघांसमोर १ लिहिला, तर मत बाद होते. कोकणात २०२४ मध्ये झालेल्या सुमारे १ लाख ४३ हजार मतांपैकी ११ हजारांहून अधिक मते बाद ठरली. पदवीधरांच्या निवडणुकीत इतकी मते वाया जाणे हे मतदारशिक्षणातली उणीव सांगते.

मोजणीची रीत मात्र समजून घेण्याजोगी आहे. वैध मतांच्या निम्म्यांत एक मिळवला की विजयाचा कोटा ठरतो. पहिल्या पसंतीतच कोणी कोटा गाठला तर प्रश्न मिटतो. नाही गाठला तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती पाहून त्या इतरांच्या गठ्ठ्यात टाकल्या जातात. असे एकेक उमेदवार गळत जातो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमरावती पदवीधर मतदारसंघात ही मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत चालली आणि काँग्रेसचे धीरज लिंगाडे भाजपचे रणजित पाटील यांच्यावर मात करून विजयी झाले. आपल्या साध्या मतदानात पराभूत उमेदवाराला दिलेले मत तिथेच संपते. इथे ते पुढे सरकते आणि मतदाराच्या दुसऱ्या मतालाही मान मिळतो. या निवडणुकीत सर्वांनी शिकावे असे काही असेल तर ते हेच.

ठाण्याची रिकामी खुर्ची

डेलावेअरसारखा प्रसंग ठाण्यावरही आला. ठाणे स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून ठाण्याचे माजी महापौर आणि परिषदेचे दीर्घकाळ उपसभापती असलेले वसंत डावखरे निवडून येत. २०१६ मध्ये शिवसेनेचे रवींद्र फाटक यांनी त्यांना सुमारे दीडशे मतांनी हरवले. मतदारांची संख्या हजाराच्या आसपास होती, कारण मत देणारे होते नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य.

फाटकांची मुदत जून २०२२ मध्ये संपली. तोवर मतदार राहिलेच नव्हते. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये आणि ठाण्याची मार्च २०२२ मध्ये संपून तिथे प्रशासक बसले होते. किमान ७५ टक्के संस्था आणि ७५ टक्के मतदार अस्तित्वात असतील तरच आयोग ही निवडणूक घेतो. महापालिकांचे मतदान अखेर जानेवारी २०२६ मध्ये झाले. एवढ्या काळात वर्तकनगरच्या नागरिकाला नगरसेवक नव्हता, आणि नगरसेवक नसल्यामुळे त्यांच्यामार्फत वरच्या सभागृहात जाणारा सदस्यही नव्हता. डेलावेअरमध्ये निवडणाऱ्यांचे एकमत झाले नाही म्हणून जागा रिकामी राहिली. ठाण्यात निवडणारेच नव्हते. मतदार आणि सभागृह यांच्यामध्ये तिसरे मंडळ बसवले की त्या मंडळाचे दुखणे लोकांच्या प्रतिनिधित्वाला लागते. याच काळात पदवीधर आणि शिक्षकांच्या निवडणुका वेळेवर झाल्या, कारण त्यांचे मतदार स्वतः लोक होते.

पुढची वाट

आयर्लंडच्या सिनेटमध्ये सहा जागा दोन विद्यापीठांच्या पदवीधरांना राखून होत्या. इतर संस्थांच्या पदवीधरांनाही हा हक्क देण्याची मुभा घटनादुरुस्तीने १९७९ मध्येच दिली होती, पण कायदा झालाच नाही. एका पदवीधराने न्यायालयात धाव घेतली आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा घटनाबाह्य ठरवली. आता सर्व उच्चशिक्षण संस्थांच्या पदवीधरांचा एकच मतदारसंघ करणारा कायदा तिथे झाला आहे.

आपल्याकडे वाट याहून सोपी आहे. परिषदेची रचना संसद कायदा करून बदलेपर्यंत अशी असेल, असे कलम १७१ स्वतःच म्हणते. म्हणजे ही वाटणी बदलायला घटनादुरुस्ती लागत नाही, साधा कायदा पुरतो. पदवी हीच जाणतेपणाची खूण मानण्याचा काळ मागे पडला आहे. वर्तकनगरच्या त्या आजोबांनी कारखान्यात काढलेली वर्षे कामगार कायद्यांबद्दल सांगण्यासारखे खूप काही शिकवून गेली असतील. त्यांच्या मताला वरच्या सभागृहात जागा नसावी, याला आज सबळ कारण उरलेले नाही. थेट निवडीच्या जागा वाढवाव्यात आणि त्या सर्व प्रौढ मतदारांसाठी खुल्या कराव्यात, हे संसदेच्या अधिकारात आहे आणि तशी मागणी महाराष्ट्रातून व्हायला हवी.

कायदा बदलेपर्यंत हातात आहे ते मत सोडून देणे मात्र परवडणारे नाही. कोकण पदवीधर मतदारसंघाची पुढची निवडणूक २०३० मध्ये अपेक्षित आहे. तिच्यासाठी अर्हता दिनांक १ नोव्हेंबर २०२९ धरला, तर ऑक्टोबर २०२६ पर्यंत पदवी मिळालेला प्रत्येक रहिवासी पात्र ठरेल. यादी पुन्हा कोरी होणार आहे. पाच जिल्ह्यांतल्या पदवीधरांनी आपापले अर्ज कार्यकर्त्याची वाट न पाहता भरले, तर नोंदणीच्या जोरावर निवडणूक जिंकण्याची रीत संपेल आणि उमेदवारांना परिषदेत आपण काय करणार हे सांगत मते मागावी लागतील.